बारा घरची भाकर

घाईचा माझ्या मायला मनस्वी राग होता. शेजारणीशी कडाकडा भांडली तरी दुसऱ्या सकाळी विस्तव मागायला तिच्याच दारात जाणारी ही बाई. पण कोणी उभ्याउभ्या घास तोंडात कोंबताना दिसला की तिचं डोकं फिरायचं. आणि आमच्या घरात तर सगळेच उभ्याने जेवणारे. बाबा राळेगावच्या जिनात कामाला होते. कापसाचा हंगाम लागला की जिनात पाळ्या सुरू व्हायच्या, आठ दिवस दिवसाची, आठ दिवस रात्रीची. वारा आमच्या बाजूचा असला तर जिनाचा भोंगा दीड कोसावरून वस्तीत ऐकू यायचा. तो ऐकला की बाबा हातातली भाकर तशीच फडक्यात बांधायचे आणि सायकलवर टांग मारायचे. मोठा भाऊ वसंता यवतमाळला बोर्डिंगात शिकायला. तो दिवाळीला आणि उन्हाळ्यात काय तोंड दाखवेल तेवढंच. राहता राहिले मी. मला सकाळी शाळेची घाई आणि शाळा सुटली की मायसोबत कापूस वेचायला जायची घाई. "हे काय घर हाय?" माय चुलीपुढं बसून म्हणायची. "खानावळ बरी याच्यापरिस. जो येते थो घास गिळते अन पळते. कोणी कोणाचं तोंड पाहून जेवत नाही."

मग ती तिच्या घरची गोष्ट सांगायची. लग्नाला वीस वर्षं झाली होती, पण 'आमच्या घरी' म्हणाली की ते घर कळंबकडचं, तिच्या माहेरचं. तिचे वडील, म्हणजे आमचा आजा, त्या गावचे येसकर होते. गावाची राखण करायची, सांगावे पोचवायचे, मेलेलं ढोर ओढून गावाबाहेर टाकायचं, आणि त्याबदल्यात दिवस कलला की काठी नि टोपलं घेऊन घरोघर भाकर मागायची, असं ते काम. घरात लहानमोठी चौदा माणसं. दिवेलागणीला सगळी अंगणात गोल करून बसायची आणि आजाची वाट बघायची. मायच्या सांगण्यात ही वाट बघण्याचीच गंमत फार होती. कोणी आंबाडीच्या वाखाचे दोर वळतंय, आत्या गाणं म्हणतेय, कोणी उखाणे घालतंय, बारकी पोरं मोठ्यांच्या मांडीवर पेंगतायत. चुलीवर नुसतं पातळ वरण रटरटतंय. उठून जायची घाई कोणालाच नाही, कारण जाणार कुठं? मग अंधारातून आजाची काठी वाजायची आणि टोपलं मधोमध यायचं. त्यात बारा घरच्या बारा तऱ्हेच्या भाकरी. माय डोळे मिटून सांगू शकायची, कुठली कोणाच्या घरची ते. तेल्याच्या घरची जाड, तिला जवसाची चटणी फासलेली. कोपऱ्यावरच्या म्हातारीच्या भाकरीला मीठ जास्त. पाटलाच्या घरची पातळ, पापुद्रा सुटलेली, सणासुदीला तिच्यावर लोण्याचा गोळा. आजा स्वतःच्या हाताने तुकडे करायचा आणि प्रत्येकाच्या हातात सगळ्या घरचा थोडा थोडा घास येईल असं वाटायचा. "तसं जेवण पुन्हा झालं नाही माह्या तोंडाले," माय म्हणायची.

हे सगळं बाबांच्या माघारी. बाबांच्या कानावर यातला एक शब्द जरी गेला तरी ते ताटावरून उठायचे. नागपूरला दीक्षा घ्यायला आमच्या वस्तीतून जे सातजण पायी नि मिळेल त्या गाडीने गेले, त्यांत बाबा होते. परत आले ते पांढऱ्या सदऱ्यात. आल्याआल्या देव्हाऱ्यातले टाक नाल्यात सोडले आणि वस्तीची बैठक बसली. भाकर मागायची नाही, ढोर ओढायचं नाही, असं सगळ्यांनी हात वर करून ठरवलं. हात वर करणं सोपं असतं. पुढचं सोपं नव्हतं. आमच्या गावच्या पाटलाची म्हैस मेली तेव्हा वस्तीतले नामदेवकाका ओढायला गेले नाहीत, तर चौघांनी त्यांना खळ्यात गाठून मारलं. तेव्हापासून त्यांचा उजवा पाय जो आखडला तो शेवटपर्यंत सरळ झाला नाही. त्या वर्षी गावाने वस्तीतल्या एकाही माणसाला शेतात पाऊल टाकू दिलं नाही. आम्ही ज्वारीच्या कण्या आणि आंबाडीचा पाला खाऊन दिवस काढले. वस्तीतली दोन लेकरं त्या उन्हाळ्यात गेली. पुढं कापूस फुटला, आणि कापूस काही भांडण मिटायची वाट बघत नाही, तेव्हा गावाने मुकाट्याने वेचणीला बोलावणं धाडलं. ढोरं ओढायला मात्र ते दुसऱ्या गावाहून माणसं आणवू लागले. तीन वर्षं अशी निभली होती. वस्ती गरीबच राहिली, पण संध्याकाळी बुद्धाच्या तसबिरीपुढं बसून बाबा वंदना म्हणायचे, मागून सगळे म्हणायचे, तेव्हा नामदेवकाका आखडलेला पाय लांब करून सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हणायचे.

एकदा बाबा अवेळी घरी आले आणि मायची गोष्ट ऐन टोपल्यापर्यंत आलेली. ते दारातच थांबले. "मागून आणलेल्या भाकरीचे डोहाळे लागले का तुले?" ते म्हणाले. "त्या भाकरीपायी नामदेवचा पाय गेला. अन तू पोरीले तिची चव सांगून राह्यली?" माय म्हणाली, "म्या भाकरीचं नाही सांगून राह्यली. माणसाचं सांगून राह्यली." बाबांना ते काही पटलं नाही. आज विचाराल तर मी बाबांच्या बाजूची आहे. चाळीस वर्षं मास्तरकी केली, मुलांना हेच शिकवलं. पण तेव्हा मी दहा वर्षांची होते, दिवसातून दोनदा एकटी जेवत होते, आणि मला त्या अंगणात जाऊन बसावंसं वाटायचं.

त्या हिवाळ्यात आजा आमच्याकडे आला. आजी आधीच गेली होती, मामा कोळशाच्या खाणीत कामाला लागले होते, घर रिकामं झालं होतं. बाबा स्वतः जाऊन त्याला एस.टी.ने घेऊन आले. मायच्या गोष्टीतला आजा मला चांगला उंच, भरदार वाटायचा. एस.टी.तून उतरला तो हाडांचा सापळा. डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा आलेला, पांढरा सदरा खांद्यावरून घसरणारा. दीक्षा त्यानेही घेतली होती, आणि येसकराची काठी त्याच दिवशी चावडीपुढं टाकून आला होता, असं बाबांनीच मला कौतुकाने सांगितलं. माय मात्र हरखली. आता घरात बसून जेवणारं एक माणूस आलं होतं. ती रोज संध्याकाळी त्याच्यासमोर मला बसवायची, स्वतः बसायची आणि म्हणायची, "दादा, तवा कसं होतं सांगा ना पोरीले." वडिलांना ती दादा म्हणायची. आजा नुसता हसायचा आणि म्हणायचा, "तूच सांग. तुले माह्यापरिस जास्त आठवते."

महिनाभरात आजाने अंथरूण धरलं. ताप यायचा, उतरायचा, पुन्हा यायचा. राळेगावच्या डॉक्टरने पांढऱ्या गोळ्या दिल्या नि म्हणाला, खाऊ-पिऊ घाला. पण खाणंच तर सुटलं होतं. माय दुधात भाकर कुस्करून द्यायची, तुरीच्या वरणाचं नुसतं पाणी द्यायची. तो एक घास घोळवायचा आणि तोंड फिरवायचा. ताप चढला की मात्र बोलायचा. हात अंथरुणाच्या कडेला चाचपत राहायचा, काठी शोधावी तसा, आणि पुटपुटायचा, "उशीर झाला. लेकरं वाट पाहून राह्यले असतील. अजून वरची आळी राह्यली." दोन दिवस हेच. तिसऱ्या दिवशी दुपारी माय त्याच्या उशाशी बसली होती. आजाने पुन्हा वरच्या आळीचं नाव घेतलं, तशी ती मला म्हणाली, "नले, त्याचा जीव तथीच अडकला व. त्या भाकरीत अडकला. एक घास गेला ना पोटात, त उठून बसन माहा बाप."

मला ते खरंच वाटलं. बाबा रात्रपाळीला जोडून ओव्हरटाइम करत होते, दुपारीच निघून गेले होते. वस्तीतल्या बाया वेचणीला गेलेल्या. मायने शेजारच्या म्हातारीला आजाजवळ बसवलं, सांगितलं की राळेगावला औषधाला जाते. कोनाड्यातलं जुनं टोपलं काढलं, त्यावर लुगड्याचा पदर घेतला आणि माझा हात धरून नाल्यापलीकडे गावात शिरली.

पहिल्या दारापुढं ती उभी राहिली आणि तिच्या तोंडून शब्दच फुटेना. आता लिहिताना मला कळतं ते असं की तिने लहानपणी रोज ती भाकर खाल्ली होती, पण मागितली कधीच नव्हती. मागताना काय म्हणतात, किती लांब उभं राहतात, टोपलं कुठं धरतात, हे काही तिला ठाऊक नव्हतं. ते सगळं आजा करायचा, घरापासून दूर. तिला टोपलं मधोमध आलं तिथपासूनचीच गोष्ट माहीत. शेवटी घरातली बाई धुणं वाळत घालायला बाहेर आली तेव्हा माय कशीबशी म्हणाली, "बाप बिमार हाय माहा. भाकर वाढा माय." ती बाई आधी बघतच राहिली. मग आत गेली आणि वरून, हातभर अंतरावरून, एक भाकर टोपल्यात टाकली. भाकर पडल्याचा आवाज झाला तशी माय दचकली. दुसऱ्या दाराने कुत्रं सोडलं. तिसऱ्या घरी सकाळचा शिळा तुकडा मिळाला. माय तरीही फिरत राहिली. एकदा शिरल्यावर मागे कसं फिरायचं, हेही तिला कळत नसावं.

पाटलाच्या घरी पाटलीणबाई ओसरीवरच बसल्या होत्या. मायला पाहून त्यांचं तोंड उजळलं. "आली का? म्या म्हणतच होतो, किती दिवस तोरा चालते पाहू." त्यांनी आत जाऊन ताजी भाकर आणली, वर लोण्याचा गोळा ठेवला आणि टोपल्यात टाकली. "किसनले सांगजो म्हणा, पाटलीणबाईनं हातानं वाढली." किसन म्हणजे माझे बाबा. माय मान खाली घालून निघाली. कोपऱ्यावर एक घर राहिलं होतं. तिने टोपलं माझ्याजवळ दिलं, मला लिंबाखाली उभं केलं आणि पदर पसरून एकटीच पुढं गेली. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. टोपलं माझ्या नाकाखाली होतं आणि लोणी गरम भाकरीवर विरघळत होतं. मी आधी बोटाने नुसतं लोणी चाखलं. मग कडेचा तुकडा मोडला. मग काय झालं ते मला सांगता येणार नाही. माय परत आली तेव्हा पाटलाच्या घरची भाकर माझ्या पोटात होती. मायने माझ्याकडे बघितलं, पदराने माझी हनुवटी पुसली आणि म्हणाली, "चाल."

घरी आल्यावर तिने आजाला भिंतीला टेकवून बसवलं, टोपलं त्याच्या मांडीशी ठेवलं. ताप जरा उतरला होता. "दादा, पाहा काय आणलं. बारा घरची हाय." बारा नव्हती, सहा-सातच होती. आजाने हात घातला. एक तुकडा उचलला, बोटांनी चाचपला, ठेवला. दुसरा उचलला. त्याच्या तोंडाकडे माय लहान पोरीसारखी बघत होती. शेजारची म्हातारी तोंडावर पदर घेऊन उठली आणि गेली.

"सखू," आजा म्हणाला, "तू गेलती मागाले?"

"तुमच्यासाठीच गेलतो दादा. तुमी तापात तेच म्हणून राह्यले होते. वरची आळी, लेकरं."

आजाने हातातला तुकडा टोपल्यात ठेवला. मग म्हणाला, "तुमी वाट पाहे ना व, संध्याकाळची. मले उशीर काहून होये, माहीत हाय तुले?"

"गावात गोष्टी करत बसत असान."

"गावात कोण बसू देते आपल्याले! नाल्यावर बसो मी. टोपलं उलटं करो धोतरावर. बुरशी लागलेली बाजूले काढो. कोणी पोट्टे मजाक म्हणून राख टाके, थे झटको. उंदरानं खाल्लेली फेको. चांगली राहे थे वर लावो. कधी कोणी मारलं असन त रक्त धुवो. मंग तोंड धुवो, अन मंग घरी ये. तुमी हसत बसलेले राहे. म्या म्हटलं, यायले काही माहीत नको." त्याला धाप लागली. "थे तुले गोड लागलं, त चांगलं झालं. पण म्या कधी खाल्ली नाही सखू त्यातली. वाटून झाल्यावर कोणी पाह्यलं का, म्या काय खाल्लं थे?"

माय टोपल्याकडे बघत राहिली. ती आठवत असावी. चौदा जणांच्या त्या गोलात आजा काय खात होता, हे तिच्या गोष्टीत कधीच आलं नव्हतं.

"कोणी हात लावू नका याले," आजा म्हणाला. "खाल्ली का त्याईचा हक्क लागते आपल्यावर. किसन आला का त्याले सांग, वापस नेऊन ठेव म्हणा. जशीच्या तशी." मी भिंतीला चिकटून उभी होते. मायने माझ्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली.

सकाळी बाबा पाळीवरून आले तेव्हा दारात अर्धी वस्ती जमली होती. शेजारच्या म्हातारीच्या तोंडून बातमी फुटलीच होती; शिवाय बाबांच्या आधी पाटलाचा गडी येऊन उभा होता. पाटलाचा म्हातारा बैल पहाटे गोठ्यात मेला होता. "कालची भाकर पचली असन त चाला," गडी म्हणाला. "मालकानं सांगतलं, जेवले त्याईनं ओढाव." बाबांना काही कळेना. ते सायकल हातात धरून एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. सांगायचं कोणी? माय बाहेर आली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सगळ्यांसमोर सगळं सांगितलं, एक माझ्या खाण्याचं सोडून. नामदेवकाका ओट्यावर पाय लांब करून बसले होते. त्यांनी फक्त डोळे मिटले. बाबा ओरडले नाहीत. ते ओरडले असते, तिला मारलं असतं तरी मला इतकी भीती वाटली नसती. त्यांनी सायकल भिंतीला लावली, आत जाऊन टोपलं उचललं, आजाच्या पायाला हात लावला आणि म्हणाले, "कोणी खाल्ली नाही ना?" आजा म्हणाला, "नाही." आजाला ठाऊकच नव्हतं.

बाबा पुढं, मागे वस्तीतली माणसं, माय आणि मी. पाटलाच्या दारापुढं दगडावर बाबांनी टोपलं ठेवलं. "काल बाईमाणसाची चूक झाली," ते म्हणाले. "बाप बिमार हाय म्हणून आली. पण एक तुकडाही कोणी तोंडात टाकला नाही. पाहून घ्या. हक्क लागत नाही." पाटील ओसरीवर दात घासत होते. त्यांनी काही म्हणायच्या आत पाटलीणबाई उंबऱ्यावर आल्या, वाकून टोपल्यात बघितलं. "माही कुठं हाय?" त्या म्हणाल्या. "लोण्याची? पातळ? ही त तेल्याच्या घरची. ही म्हातारीची. माही नाही यात."

मायला जे तिच्या माहेरच्या गावचं येत होतं, कुठली भाकर कोणाच्या घरची ते, ते पाटलीणबाईंना या गावचं येत होतं. मी बाबांच्या पाठीमागे होते. बाबांची मान हळूहळू मायकडे वळली. मी तोंड उघडलं, मला आठवतं, मी खरंच उघडलं होतं. पण मायने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि इतका दाबला की हाड दुखलं. "म्या खाल्ली," ती म्हणाली. "भूक लागलती."

पाटील चूळ भरून आले. "आमी काही जबरदस्ती करत नाही किसन. रीत हाय ना बावा. खाल्लं त करा लागते."

बाबांनी दगडावरच्या टोपल्याकडे एकदा बघितलं. मग त्यांनी पांढरा सदरा काढला, घडी केली आणि माझ्या हातात दिला. "वस्तीनं काही खाल्लं नाही," ते म्हणाले. "माह्या घरानं खाल्ली, एक भाकर. एका भाकरीचं एक ढोर. याच्यापुढं आमच्या वस्तीकडे पाहाचं नाही. मंजूर असन त दोर द्या." वस्तीतले दोघेतिघे पुढं झाले तर बाबांनी हाताने थांबवलं. दोर आला. मायने दुसरं टोक उचललं. "तू नको," बाबा म्हणाले. "भाकर म्या खाल्ली," माय म्हणाली. पण दोघांच्याने बैल हलेना. तेव्हा नामदेवकाका लंगडत आले आणि त्यांनी दोर खांद्यावर घेतला. "तू कायले रे नामदेव?" बाबा म्हणाले. "दोघाच्यानं होत नाही," नामदेवकाका म्हणाले. ज्या कामाला नाही म्हटलं म्हणून त्यांचा पाय गेला, त्याच कामाला ते त्या पायाने आले. सगळं गाव दारादारात उभं राहून बघत होतं. दोन हात ओढायचं, थांबायचं, पुन्हा ओढायचं. मला बाबांनी घरी पिटाळलं.

आजाजवळ मी एकटीच बसले. ताप नव्हता, बोलणं शुद्धीवरचं होतं. "तुहे मायबाप कुठं गेले व?" त्याने विचारलं. मी म्हणाले, "बाबा जिनात गेले. माय वेचणीले गेली." "भाकर देल्ली वापस?" "देल्ली." "सगळी?" "सगळी." आजा हसला. त्याने माझ्या हातातला बाबांचा सदरा चाचपला, त्याची घडी सारखी केली. "चांगलं झालं. आता कोणाच्या दारात उभं राहा लागत नाही," तो म्हणाला. तिसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. बैलाचं त्याला कोणी सांगितलं नाही.

त्यानंतर बाबांनी संध्याकाळची वंदना म्हणणं सोडलं. सगळ्यांनी विनवलं, नामदेवकाकांनीही, पण ते मागच्या ओळीत बसायचे आणि नुसते ओठ हलवायचे. गावाने शब्द मात्र पाळला. पुन्हा गडी वस्तीत आला नाही. मायशी बाबा बोलायचे, कामापुरतं. वस्तीतल्या बाया वर्षभर तिच्याशी तेवढंही बोलल्या नाहीत. आणि मायची गोष्ट बंद झाली. पुढच्या उन्हाळ्यात वसंता आला असताना मी तिला म्हणाले, "माय, टोपल्याची गोष्ट सांग ना." ती म्हणाली, "कोणतं टोपलं?" आणि तव्यावरची भाकर उलटवली. त्यानंतर कोणी उभ्याने जेवलं तरी ती काही म्हणायची नाही. माझी नात फोनवर मला विचारते, आजी, तुमच्या वेळी सगळे किती निवांत असतील ना? मी तिला दुसरंच काही सांगते.

बाबा गेल्यावर माय माझ्याकडे यवतमाळला राहायला आली. एका रविवारी मी भाकरी केल्या, पातळ थापल्या, आणि तिच्या ताटात लोणी वाढलं. मुद्दाम केलं होतं असं नाही. पण वाढल्यावर माझा हात तिथंच थांबला. बाबांना मी शेवटपर्यंत सांगू शकले नव्हते. मी म्हणाले, "माय, ती भाकर मी खाल्ली होती." ती घास मोडत होती. "म्या खाल्ली होती," ती म्हणाली. "तू लहान होती. तुले काय आठवते." मी रडायला लागले तशी तिने डाव्या हाताने माझ्या डोक्यावर थोपटलं आणि जेवत राहिली. तिला आता घाई नव्हती, घरात घाई असणारं कोणीच नव्हतं. ताट संपत आलं तेव्हा तिने खाली बघतच विचारलं, "गोड होती का व?"

आजाशी मी खोटं बोलले होते. मायशी बोलवेना.

"हो," मी म्हणाले. "गोड होती."